आठ बीमांची कंबर

१ जानेवारी, गुरुवार

वेल्डिंग रॉडच्या दुकानदारानं नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी बायको, सुरेखा, तिच्यात सिलेंडर कधी लावला ते लिहिते. यंदा म्हणलं, आपणच लिहू.

कारण असं की पोरीनं हुकूम सोडलाय. प्रेरणा, माझी एकुलती एक. पुण्याला इमारतीच्या सांगाड्याचं शिक्षण घेतलं, सहा वर्षं तिकडंच नोकरी केली, आणि आता पुंडलिकनगरात आमच्याच घराच्या खालच्या खोलीत ऑफिस थाटलंय. तिची स्वतःची पहिली इमारत म्हणजे हर्सूलची अभ्यासिका. चार मजली, सगळा सांगाडा लोखंडाचा. आणि तो सांगाडा करणार चिकलठाण्यातलं माझं शेड. बाप-लेकीचं काम म्हणून अभ्यासिका बांधून घेणाऱ्या संस्थेनं कॉलेजातल्या एका सरांना तपासणीला बसवलंय. बसवू द्या. या कडुबाच्या कामात आजवर कुणाला खोट सापडली नाही.

रोजचं काम रोज वहीत लिहायचं, असा पोरीचा हुकूम. ती वही तिची. ही डायरी माझी. कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहीन. देवघराच्या खालच्या कप्प्यात, वाती-कापसाच्या मागं ठेवतो. तिकडं कोण हात घालतंय.

४ जानेवारी, रविवार

ड्रॉइंग आलं. पाहून मी आणि पुंजाराम दोघंही चष्मे पुसत बसलो. पुंजाराम माझा तीस वर्षांपासूनचा फिटर. आठवड्यातून चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन चहाबद्दल.

ड्रॉइंगात असं की बीम खांबाला जिथं जोडायचा, तिथून वीतभर पुढं बीमच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या दोन्ही कडा गोलाईत कापून टाकायच्या. म्हणजे चांगला जाडजूड बीम विकत आणायचा आणि त्याला कंबर काढायची. दोन्ही टोकांना. सगळ्या बीमांना.

पुंजाराम म्हणाला, "भाऊ, लेकीनं कागद उलटा तर नाय ना धरला?"

फोन लावला. म्हणलं, "पोरी, काहीतरी चूक झालीय."

"चूक नाही अण्णा. मुद्दाम आहे."

"मुद्दाम कमजोर?"

"मुद्दाम. आणि कड एकदम गुळगुळीत घासायची. खाच राहिली तर परत पाठवीन."

मला खाच शिकवते. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकानं सांगितलं त्यापेक्षा एक टाका जास्तच दिलाय मी. मोंढ्यात आजही सांगतात की कडुबाच्या गेटला बैलानं धडक दिली तर बैल दवाखान्यात जातो. आणि माझ्याच लेकीसाठी मी लोखंड कुरतडत बसायचं.

थंडी लई पडलीय. धपाटे खावे वाटतात. पण सुरेखाला सांगितलं तर डॉक्टरनं तेल बंद केलंय, हे परत ऐकावं लागेल.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी ताटात धपाटे. वर लोण्याचा गोळा. मी काही बोललोही नव्हतो. चौतीस वर्षांचा संसार झाला की बायकोला नवऱ्याच्या पोटातलं कळतं म्हणतात, ते खोटं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

बीमांना कंबर काढणं चालू आहे. पुंजाराम कापतो, मी घासतो. बाजूनं जाणारे दुसऱ्या शेडवाले विचारतात, "कडुबाशेठ, उंदीर लागले काय लोखंडाला?" मी हसून दाखवतो. आत काय होतं ते माझं मला माहीत.

जेवताना प्रेरणाला म्हणलं, "एकदा नीट सांग. कापल्यानं मजबूत कसं होतं?"

ती म्हणाली, "आजचीच तारीख आहे अण्णा. चौऱ्याण्णवला अमेरिकेत भूकंप झाला, आणि बरोबर वर्षानं, ह्याच तारखेला, जपानात. तोवर सगळे म्हणायचे, लोखंडाच्या इमारतीला फिकीर नाही. लोखंड वाकतं, तुटत नाही. अमेरिकेत इमारती उभ्या दिसत होत्या, लोक खूश. मग कुणीतरी छताची आवरणं काढून पाहिली, तर खांब-बीमचे जोड आतून तडकलेले."

"वेल्डर कच्चे असतील."

"काही वेल्डही वाईट होते. पण मूळ खोट अशी की सगळा जोर जोडावरच येत होता. मग रीत बदलली. जोड पक्का ठेवायचा आणि बीमला वीतभर पुढं वाकायला जागा करून द्यायची. हादऱ्याचा जोर तिथं खर्ची पडतो, जोड वाचतो, खांब उभा राहतो. जपानात तिरके आधार सिमेंट भरलेल्या नळीत घालतात, म्हणजे ते दबतात, ताणतात, पण मोडून पडत नाहीत. आधी लोक म्हणायचे, इमारत हलायलाच नको. आता म्हणतात, हलू दे, पण मी सांगेन तिथं वाकू दे."

"व्हय, म्हणजे भूकंपाला पत्ता देऊन ठेवायचा. या, इथं वाका."

सुरेखा भाकरी थापता थापता हसली. मी पुढं म्हणलं, "पण आपल्याकडं कुठं येतो भूकंप?"

"किल्लारीचे लोकही तेच म्हणत होते."

मग मी ताट घेऊन उठलो.

किल्लारीला मी गेलो होतो. सव्वीस वर्षांचा होतो, पत्र्याची शेडं उभारायला ट्रकमधून गेलो. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, बघितलं तर किल्ला वाटावा, सगळ्या झोपलेल्या माणसांवर. एका घरापुढं एक म्हातारा बसला होता, मला म्हणाला, लेका, पक्कं बांध. त्या दिवसापासून मी कुठलंच काम हलकं केलं नाही. हे घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार.

२५ जानेवारी, रविवार

शेडला सुट्टी. तरी मी आणि पुंजाराम गेलो. एक काम केलं. ते इथंही लिहीत नाही. पुंजाराम जाताना म्हणाला, "भाऊ, बरोबर केलं ना आपण?" मी म्हणलं, बापाचं काळीज आहे, बरोबरच असणार.

८ फेब्रुवारी, रविवार

हर्सूलला तळमजल्याचे चोवीस बीम चढले. क्रेन गेली. आता लिहायला हरकत नाही.

तळमजल्याच्या चोवीसपैकी आठ बीम मधल्या हॉलचे. वर सगळ्यात जास्त पोरं बसणार, पुस्तकांची कपाटं तिथंच. त्या आठ बीमांच्या कमरेवर मी वरून-खालून पट्ट्या भरल्या. असा वेल्ड घातला की कुठं जोडलंय ते मलाही ओळखू येईना. वरून लाल प्रायमर मारला. प्रेरणा मालाची तपासणी करायला आली तेव्हा ते आठ ढिगाच्या तळाशी होते. छत लागलं की कुणाला दिसणार नाहीत.

पोरीची पुस्तकं पोरीजवळ. इमारत पडली तर पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव येत नाही, माझ्या पोरीचं येतं. आता मला झोप लागेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

सुरेखानं आज भाजीत मीठच टाकलं नाही. विचारलं तर म्हणाली, ध्यानात राहिलं नाही. वय झालं बिचारीचं. देवापुढं दोनदा दिवा लावला.

मागच्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलंय. माझंच असेल, पोहे खाताना लिहायला नको.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सुरेखा खालच्या ऑफिसात तासभर दार लावून बसली होती पोरीबरोबर. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे चेहरे उतरलेले. लग्नाचा विषय काढला असणार हिनं. मी कितीदा सांगितलं, पोरीच्या मागं लागू नको.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे पाहिलं ते असं.

प्रेरणा हर्सूलला आली. हातात तारेचा ब्रश आणि छोटी हातोडी. चोवीस बीम डोक्यावर. तिनं शिडी लावली ती सरळ माझ्या आठांपैकी पहिल्याला. रंग खरवडला, पट्टी दिसली. उतरली. शिडी उचलली, दुसऱ्याला लावली. मधले चार बीम सोडून तिसऱ्याला. एकाही चुकीच्या बीमला हात लावला नाही. आठच्या आठ. पुंजारामनं माझ्याकडं बघितलं, मी पुंजारामकडं. खालून नुसतं बघून ओळखलं पोरीनं. शिक्षण म्हणजे काय असतं ते आज कळलं. सहा वर्षं पुण्यात नोकरी केली ती उगाच नाही.

सुरेखाही आली होती तिच्याबरोबर. हर्सूलच्या तळ्यावर फिरायला जायचंय म्हणाली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तळं आठवलं, तेही नेमकं आज. आणि गेली मात्र नाही, गाडीतच बसून होती.

प्रेरणा ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली उतरून तिनं हात पुसले आणि म्हणाली, "अण्णा, एवढा सुंदर वेल्ड मी कुठं पाहिला नाही." आणि रडायला लागली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मी म्हणलं, गुपचूप काढून टाकतो, दोन दिवसांत. कुणाला कळणार नाही.

ती म्हणाली, "मला कळलंय ना. कागदावर सही माझी आहे." आणि संस्थेला पत्र लिहिलं. त्यात लिहिलंय, तपासणीत माझी नजर चुकली. माझं नाव एकदाही नाही. मी म्हणलं माझं टाक, तर म्हणाली, "ढिगाच्या तळाचे बीम बघायचं काम माझं होतं."

संस्थेनं काम थांबवलं. कॉलेजच्या सरांचं समाधान झालं तरच पुढं, नाहीतर ड्रॉइंग दुसऱ्या कुणाकडं. म्हणजे पोरीची पहिलीच इमारत, आणि ती तिच्या हातून जायची. पाटी लावून वर्ष झालं नाही. ज्यानं पाटी वेल्ड करून दिली त्यानंच ती उतरवायची वेळ आणली.

"तुला कळलं कसं?" मी विचारलं.

"रंगाची छटा वेगळी होती," ती म्हणाली. आणि उगाच आईकडं बघितलं. सुरेखा वाती वळत होती, तिची वात तुटली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी दोन छोटे नमुने मागवले. एक कंबर काढलेला, एक माझ्यासारखी पट्टी भरलेला. प्रेरणा म्हणाली, "दोन्ही तुम्हीच करा अण्णा. जीव ओतून." पट्टीच्या नमुन्यात मी तीस वर्षांची विद्या ओतली. मनात म्हणलं, आज बघाच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुन्यांना चुना फासला होता. लोखंड ताणलं की चुना गळतो, म्हणजे कुठं ताण आला ते दिसतं. जॅकनं टोक मागं-पुढं, मागं-पुढं ढकलायचं.

आधी कंबरवाला. चुना फक्त कमरेपाशी गळला. कंबर हळूहळू वाकली, परत दुसऱ्या बाजूला वाकली, सुरकुतली. बघवत नव्हतं. पण जोड जागचा हलला नाही. सर जॅक चालवून थकले.

मग माझा. एक फेरा, दोन फेरे, वाकायचं नाव नाही. मी शर्टची कॉलर नीट केली. पुंजारामनं मला कोपर मारलं. पाचव्या फेऱ्याला ठाक करून आवाज आला आणि नमुना खांबाच्या जोडातून आरपार तडकला. आधी काहीच नाही. चुन्याचा कण नाही, सुरकुती नाही. सरळ तुटला.

माझा वेल्ड होता तो. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. सर म्हणाले, "वेल्ड उत्तम आहे. पण तुम्ही कंबर भरून टाकली, मग जोर जाणार कुठं? जोडावरच आला."

परत येताना गाडीत मी किल्लारीचं सांगितलं. तो म्हातारा, त्या भिंती, पक्कं बांध म्हणाला ते. प्रेरणानं गाडी बाजूला घेतली. मग म्हणाली, "अण्णा, त्या भिंती बारीक होत्या का?"

दोन हात जाड होत्या. बत्तीस वर्षं मला हा प्रश्न पडला नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पोरीला 'चुकलं' म्हणायचं होतं. दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. एकदा म्हणलं, पंखा नीट चालतो ना. दुसऱ्यांदा म्हणलं, कुलूप बदलायला पाहिजे. जीभच वळत नाही. इथं लिहितो: चुकलो पोरी. तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता. तुझ्या काळजीनं केलं, पण त्यात माझा तोराही होताच. मला वाटलं, माझ्या हातापेक्षा तुझा कागद शहाणा कसा असेल.

दिवसभर तो कंबरवाला नमुना डोळ्यापुढून जाईना. आई आठवली. माझ्या आधी तिची दोन पोरं गेली, देवांची नावं ठेवलेली. म्हणून मी झालो तेव्हा गावात, अजिंठ्याच्या अलीकडं, तिनं माझं नाव कडुबा ठेवलं. कडू आहे म्हणून यम थुंकून टाकेल. शाळेत पोरं चिडवायची तर मी आईशी भांडायचो, दुसऱ्यांची नावं कशी छान. ती म्हणायची, तुझ्या नावात थोडी खोट ठेवलीय, म्हणून तू जेवायला बसलाय माझ्यापुढं. पुंजारामचंही तसंच, त्याला तर पुंजावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललेला. आम्ही दोघं खोट ठेवून वाचवलेली माणसं, आणि आम्हीच पोरीची खोट बुजवत बसलो होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी प्रेरणा वर आली आणि एकदम माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "अण्णा, पोचलं मला."

मी म्हणलं, "काय पोचलं?"

"पंखा नीट चालतो. कुलूप बदलू."

पोरीला बापाच्या मनातलं कळतं. रक्ताचं नातं, दुसरं काय. सुरेखानं मधेच शिऱ्याची वाटी आणून ठेवली, काजू जास्त होते. मी काल शिरा मनातही आणला नव्हता. ही चुकली या वेळी.

दुपारी संस्थेचा फोन आला. सरांनी लिहून दिलंय की स्वतःची चूक स्वतः उघड करणारा इंजिनियर त्यांना चालेल. काम प्रेरणाकडंच. अट एकच, आठही बीम काढून नवे बसवायचे.

८ मार्च, रविवार

आठ नवे बीम पूर्ण. कापले मी, घासले मी. प्रेरणा कडेवरून बोट फिरवत गेली, कुठं अडलं नाही. म्हणाली, "आरशासारखं झालंय." मी म्हणलं, आरसा नको, फक्त परत पाठवू नको.

पट्टी भरलेले जुने बीम शेडच्या मागं ठेवलेत. पुंजाराम म्हणाला, "भंगारात देऊ?" मी नको म्हणलं. समोर राहू देत.

१८ मार्च, बुधवार

चारही मजल्यांचा सांगाडा उभा. उद्या पाडवा, म्हणून आज काळी बाहुली बांधायची. दरवेळी मीच बांधतो. सुरेखानं केली होती, डोळे फार मोठे काढलेत. म्हणलं, ही दृष्ट काढणार की लावणार. ती म्हणाली, "तुमचाच फोटो समोर ठेवून काढलीय."

पुंजाराम शिडीवर चढला आणि बाहुलीसाठी कडी वेल्ड करायला मशीन चालू केलं. कुठं, तर बरोबर बीमच्या कमरेवर. मी खालून एवढ्या जोरात ओरडलो की वरचे मजूर थांबले. "पुंजाराम, हात लावशील तर बघ. तिथं एक टाका पडायचा नाही, एक भोक पडायचं नाही."

प्रेरणा मागं उभी होती. तिनं पिवळ्या रंगाचा डबा माझ्या हातात दिला. मी प्रत्येक कमरेला पिवळा पट्टा मारला आणि लिहिलं, इथं जोडकाम करू नये. एकशे ब्याण्णव ठिकाणी. हात भरून आला. बाहुली दोरीनं गेटला बांधली.

आता मनातलं एक. इथंच लिहितो, कारण इथं कुणी येत नाही. शिडीवर बसून पट्टे मारताना विचार करत होतो की आमच्या घरात इतकी वर्षं काही तुटलं कसं नाही. आईचं आणि माझं पटत नव्हतं, मी तापट, प्रेरणा हट्टी. धक्के काय कमी बसले. मी एकदाही वाकलो नाही, त्याचाच मला तोरा. वाकली ती सुरेखा. प्रत्येक वेळी जोर तिच्यापाशीच आला. मी समजत होतो, हिला स्वतःचं मतच नाही. तिच्यामुळं बाकीचे जोड वाचले हे मला कळायला एकशे ब्याण्णव पट्टे मारावे लागले. आता थोडं मीही वाकावं म्हणतो. चहात साखर कमी करते, त्यावरून भांडायचं नाही, इथून सुरुवात.

हे तिला सांगणार नाही. डोक्यावर चढेल.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. चहा आला, त्यात साखर माझ्या मनासारखी. भांडायची वेळच आली नाही.

नंतर स्वयंपाकघरात डोकावलो तर सुरेखा पाठमोरी उभी, पदरानं डोळे पुसत होती. विचारलं, काय झालं. म्हणाली, "काही नाही, कांदा चिरत होते."

आज नैवेद्याचा स्वयंपाक. घरात पुरण शिजत होतं. कांदा कुठंच दिसला नाही.